तिसरा पों

बँडमध्ये पुढं चालणाऱ्याच्या वाट्याला चाल येते आणि मागं चालणाऱ्याच्या वाट्याला ओझं. भोंग्या जन्मभर मागं चालला. अंगाभोवती अजगर गुंडाळावा तसं ते मोठं पितळी वाजं, त्याचं घमेल्याएवढं तोंड डोक्याच्या वर, आणि त्यातून निघायचं काय, तर पों. मग जरा थांबून आणखी एक पों. लोक म्हणायचे भोंगा, म्हणून वाजवणारा झाला भोंग्या. तो स्वतः मात्र त्याला वाजं म्हणायचा. लग्न म्हणू नका, मयत म्हणू नका, नव्या दुकानाचं उद्घाटन म्हणू नका, सगळीकडे त्यानं पोंच केलं. त्याला गाणी शेकड्यानं यायची, पण सगळी खालून. बँड बाजूला काढून त्याला एकट्याला वाजवायला लावलं, तर ऐकणाऱ्याला वाटावं, गोठ्यात म्हशीला पडसं झालंय.

वरचं गाणं असायचं थोरल्याकडे. थोरला म्हणजे भोंग्याचा सख्खा भाऊ, ट्रम्पेटवाला. अंगानं काटकुळा, मिशी कापलेली, पट्टा एक भोक जास्त आवळलेला, आणि चालणं असं की लग्न ह्याचंच आहे. दोघांनीही लग्न केलं नाही. थोरल्याला कुणी पसंत पडली नाही आणि धाकट्याला कुणी विचारलं नाही. एका इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत दोन खाटा टाकून दोघं राहिले आणि तसेच म्हातारे झाले. सकाळी भोंग्या डेपोत बसगाड्या धुवायला जायचा, थोरला ट्रम्पेट पुसत बसायचा. कामाची वाटणीही बँडसारखीच.

थोरल्याला दमा होता. बँडवाल्याला दमा म्हणजे नावाड्याच्या नावेला भोक. पण गडी मानी, कुणाला कळू द्यायचा नाही. कार्यक्रमाच्या शेवटी, पाहुणे उठायला लागले की बँड एक संथ चाल वाजवायचा, तिला सगळे नुसतं शेवटची चाल म्हणायचे. त्या चालीचं धृपद संपलं की खालच्या वाज्यानं दोन पों द्यायचे आणि लगेच ट्रम्पेटनं अंतरा उचलायचा, असा नियम. थोरल्याला तेवढ्यात श्वास पुरायचा नाही. तो ट्रम्पेट खाली घ्यायचा, मनगटानं ओठ पुसायचा, मान वर करून लोकांकडे असं बघायचा की वाटावं हा ऐटीत थांबलाय, आणि मग छाती भरून तोंडाला लावायचा. ह्यात एक ठोका जास्त जायचा. मधे भोक पडायचं.

ते भोक बुजवलं भोंग्यानं. एका लग्नात दोन पों झाले, थोरला अजून ओठच पुसतोय म्हटल्यावर त्यानं आपसूक तिसरा पों देऊन टाकला. कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा. ढोलवाल्यानंही त्याच्यावर एक ढुम ठेवून दिला. अशी वर्षं गेली आणि ती चाल त्या बँडमध्ये तशीच होऊन बसली. मूळची कशी होती ते सांगायला गेलं असतं, तर ऐकणाऱ्यानंच वेड्यात काढलं असतं.

थोरल्यानं ह्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आभार मानणाऱ्यातला तो नव्हताच. एकदाच, दाढी करता करता, आरशातून बघत तो म्हणाला होता, "तो मधला पों तू टाकतोस ना, तो कधी विसरू नकोस. नाहीतर मी उघडा पडेन."

भोंग्यानं नुसतं हं केलं होतं. त्या घरात तेवढं बोलणं पुष्कळ झालं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला थोरला गेला. दवाखान्यात, भिंतीकडे तोंड करून. बँड त्या दिवशी परगावी लग्नाला गेलेला, आगाऊ ठरलेलं, मोडता येईना. ज्यानं हयातभर परक्यांच्या मयतीला शेवटची चाल वाजवली, त्याला पोचवायला चार खांदे आणि डेपोतली दोन माणसं, बस. रस्त्यानं चपलांचा आवाज तेवढा. भोंग्याच्या मनात आलं होतं, आपलं वाजं घेऊन यावं. पण एकट्यानं काय वाजवणार? नुसतं पों पों? लोक हसले असते, आणि थोरला उठून बसला असता, म्हणाला असता, लाज काढलीस.

खोली तीच राहिली, पण अंगावर ढगळ झाली. थोरल्याच्या खाटेवर भोंग्यानं वाजं ठेवायला सुरुवात केली, म्हणजे खाट रिकामी दिसायला नको. ट्रम्पेट बँडमास्तरांचं, ते परत गेलं. पण ट्रम्पेटचं तोंड, ओठाला लावायचा तो पितळी तुकडा, थोरल्यानं स्वतः घेतलेला. तो दाढीच्या मगात ब्रशाशेजारी पडून राहिला. भोंग्या रोज तो बघायचा आणि रोज तो मग जिथल्या तिथं ठेवायचा. डेपोतून आला की कुणाशी बोलायचं राहिलंय असं वाटायचं. दिवसभरात बोललेलं आठवून बघावं तर काय: बस पुढं घे, पाणी बंद कर. एवढ्यात दिवस निघायचा. रविवारी तर तेही नाही. रविवारी संध्याकाळी तो घसा खाकरून बघायचा, आवाज आहे का म्हणून.

त्यात शेजारही गप्प झालेला. भिंतीला लागून पलीकडच्या खोलीत काजवाली राहायची. शर्टाच्या कारखान्याचं काम घरी आणून मशीनवर बटणांची काजं करायची, म्हणून काजवाली. भोंग्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, नवरा कधीच वारलेला, मुलगी लांब दिलेली. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं बोलणं कमी आणि बोललीच तर दातांतून. भिंत एका विटेची. भाऊ संध्याकाळी सराव करायला बसले की ही बाई लाकडी गजपट्टी घेऊन भिंतीवर ठोकायची. ठक ठक ठक. थोरला तिला भिंतीपलीकडची सासू म्हणायचा आणि इकडून बुटानं ठोकायचा. मग थोडा वेळ दोन्हीकडून ठोकाठोक, मग सगळं थंड. थोरला गेल्यापासून गजपट्टी एकदाही वाजली नव्हती. भोंग्याला वाटलं, कीव करतेय. त्याला तिच्या ठोकण्यापेक्षा हे जास्त लागलं.

थोरल्याच्या जागी मास्तरांनी नवा ट्रम्पेटवाला आणला. तिशीतला, कुठंतरी रीतसर शिकलेला, स्वभावानं बरा. भोंग्याला वाकून नमस्कार केला त्यानं. पहिल्याच लग्नात शेवटची चाल लागली. धृपद संपलं, भोंग्याचे दोन पों झाले, आणि नव्यानं, नियमाप्रमाणं, अंतरा उचलला. त्याच क्षणी भोंग्याचा तिसरा पों आणि ढोलाचा ढुम त्याच्या पहिल्या सुरावर जाऊन पडले. चालत्या माणसाच्या धोतरावर मागच्यानं पाय द्यावा तसे. नवा अडखळला. पाहुणे हसले. नवरीचा मामा तर पोट धरून हसला. मास्तरांनी मागं वळून बघितलं.

दुसऱ्या लग्नात तेच. तिसऱ्यात भोंग्यानं ओठ गच्च आवळले, तर पों नाकातून आल्यासारखा आला आणि लोक आणखी हसले.

मास्तर तसे चांगले. त्यांनी चारचौघांत काही म्हटलं नाही. गणवेश ठेवायच्या गोदामात भोंग्याला एकट्याला बोलावलं, पेटाऱ्यावर बसवलं आणि म्हणाले की आता महिना-दीड महिना कामं नाहीत. हंगामाच्या पहिल्या तालमीला यायचं. तोवर ही तिसऱ्या पोंची खोड मोडली नाही तर वाजं दुसऱ्याला द्यावं लागेल. भोंग्यानं खालमानेनं एवढंच म्हटलं की ते माझ्या हातात नाही, पोटातून येतं. मास्तरांनी टोपीचा काठ चाचपला.

"कळतंय मला," ते म्हणाले. "पण वाजं माझं आहे. भाऊ तुझा होता."

खरंच होतं ते.

तर भोंग्या घरी बसून भाऊ मोडायला लागला. डेपोतून यायचं, हात पुसायचे, चहा घ्यायचा आणि खाटेवर बसून वाजं मांडीवर घ्यायचं. इमारतीला त्रास नको म्हणून वाज्याच्या तोंडात त्यानं थोरल्याचा जुना स्वेटर कोंबला. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. तो शेवटच्या चालीचं आपलं खालचं वाजवायचा, धृपद संपवायचा, दोन पों द्यायचा आणि थांबायचा प्रयत्न करायचा. थांबला म्हणता म्हणता तिसरा निघायचाच, जेवताना उचकी यावी तसा. उभं राहून बघितलं. खोलीत येरझारा घालत बघितलं. दोन झाले की जोरानं वाजं तोंडापासून ओढून बघितलं, तर पुढचा दात दुखावला आणि पों हवेत गेला.

आणि खरं सांगायचं तर त्याला तो थांबवायचाही नव्हता. इथं घोडं अडलं होतं. वाजं गेलं तर खोलीत आपण आणि एक दाढीचा मग, एवढंच उरेल हे त्याला दिसत होतं. पण वाजं राखायचं तर तिसरा पों टाकून द्यायचा, आणि थोरला जगात तेवढाच राहिला होता. ना फोटो, ना पोरंबाळं. लोकांना त्याचं नावही दोन वर्षांनी आठवलं नसतं. एका चालीत एका ठोक्याएवढी जागा त्यानं अडवलेली, ती धाकट्यानं स्वतःच्या तोंडानं रिकामी करायची.

एका संध्याकाळी जमलं. कसं ते त्यालाही कळलं नाही. थकलेला होता, डेपोत चिखलाच्या गाड्या आल्या होत्या, खांदे भरून आलेले. पों. पों. आणि काही नाही. तिसऱ्याच्या जागी नुसती शांतता आली आणि गेली, आणि त्याचा अंतऱ्याखालचा पहिला सूर बरोबर नियमाच्या जागी पडला. त्यानं पुन्हा करून बघितलं. पुन्हा जमलं. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी असं वाटलं की दाराला आतून कडी घातली आणि कुणीतरी बाहेर राहिलं.

तेवढ्यात भिंतीवर ठोकलं. ठक ठक ठक.

भोंग्या दचकला. स्वेटर कोंबला असूनही एवढं ऐकू जातं का, असं मनात येऊन त्यानं वाजं खाली ठेवलं. भिंतीच्या वरच्या अंगाला, छताला लागून, दोन्ही खोल्यांत मिळून एक जाळी होती. तिथून आवाज आला, दातांतून, टाचण्या सांभाळत.

"ए भोंग्या. एक गाळलास."

त्याला आधी समजेना काय ते. मग समजलं.

"मुद्दाम गाळला, बाई."

"मुद्दाम? माझं काज फाटलं इथं. चांगल्या शर्टाचं."

मग तिनं टाचण्या काढून वाटीत टाकल्याचा आवाज आला, म्हणजे आता लांबण लागणार होतं. ती सांगायला लागली आणि भोंग्या जाळीकडे तोंड करून ऐकत राहिला. तिचं म्हणणं असं की काज म्हणजे एका बाजूनं शिवत जायचं, टोकाला आलं की मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. भावांची ती संथ चाल सुरू झाली की तिचा पाय मशीनच्या पायडलवर त्या चालीच्या अंगानंच चालायचा. पों पों वर टोकाला यायचं आणि तिसऱ्या पोंवर कापड फिरवायचं. इतकी वर्षं असंच. थोरला गेल्यावर मशीन जड लागायला लागलं, काजं वाकडी व्हायला लागली, कारखान्यातली बाई बोलायला लागली. मध्यंतरी स्वेटरातून का होईना, पुन्हा पों ऐकू यायला लागला तेव्हा तिचं काम कुठं रुळावर आलं होतं. आणि आज ऐन वळणावर ह्यानं एक गाळला. सुई सरळ पुढं गेली, फाटलं.

भोंग्यानं जाळीकडे मान आणखी वर केली.

"मग तुम्ही भिंतीवर ठोकायचात कशाला? इतकी वर्षं?"

"मधेच थांबायचात म्हणून," काजवाली म्हणाली. "तुम्ही दोघं भांडायला लागलात की वाजवणं बंद. माझं कापड अर्ध्यावर. म्हणून ठोकायचे, की चालू करा. तर तुम्ही जास्तच गप्प. वर तो थोरला बुटानं ठोकायचा. मला वाटायचं, काय माजोरडी माणसं आहेत."

भोंग्या थोरल्याच्या खाटेवर बसला. भिंतीपलीकडची सासू. वर्षानुवर्षं बाई म्हणत होती वाजवा, आणि ते दोघं ऐकत होते बंद करा. थोरल्याला हे आता कोण सांगणार? तो असता तर हसून हसून दम लागून पडला असता. भोंग्याला एकट्यालाच हसू आलं आणि ते मधेच कुठंतरी वाकडं झालं, म्हणून त्यानं फुंकून फुंकून वाज्यात साचलेलं पाणी काढायचं निमित्त केलं.

मग त्यानं तिला मास्तरांचं सांगितलं. वाजं जाईल हे सांगितलं. थोरल्यानं दाढी करताना म्हटलेलं मात्र सांगितलं नाही. काजवालीनं ऐकून घेतलं, आणि तिला त्यात फार मोठं काही वाटलं नाही असं दिसलं.

"तिकडे दोन वाजव, इकडे तीन वाजव. डेपोतले बूट दारात काढतोस ना? तसं." मग वाटीतल्या टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. "चल, लाव आता. ढीग पडलाय."

त्यानं वाजं उचललं. धृपद वाजवलं. पों. पों. पों. आणि जाळीतून, अगदी हलका, नाकातल्या नाकात, अंतरा आला. तोंडात टाचण्या धरून माणसाला गाता येत नाही, गुणगुणता तेवढं येतं. सूर फार चांगला होता असं नाही. पण आला तो उशिरा, थोरल्याच्या जागी, आणि येण्याआधी तिनं एक श्वास घेतला तोही थोरल्यासारखाच, वरून ऐटीत आणि आतून घाईत. भिंतीपलीकडून ऐकून तिला चाल आली होती आणि चालीबरोबर दमाही. भोंग्याचे ओठ सैल पडले आणि नुसतं वारा गेल्यासारखं फुस्स झालं.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी."

त्यानंतर संध्याकाळचं तसं ठरून गेलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही. ती त्याच्या खोलीत आली नाही, तो तिच्याकडे गेला नाही. जिन्यात समोरासमोर आले तर मान हलवायचे आणि आपापल्या दारात शिरायचे. आधी तो तिच्यासाठी तीन वाजवायचा, मशीन चालायचं, तिचं गुणगुणणं चालायचं. तिचं काम उरकून मशीनवर झाकण पडलं की मग तो मास्तरांसाठी दोन वाजवायचा. आता ते पटकन जमायला लागलं. तिसरा कुठं जात नव्हता. तो भिंतीपाशी ठेवलेला होता, उद्या संध्याकाळी मिळणार होता. मधले तास मात्र पूर्वीसारखेच होते: डेपो, पाणी, चहा, दाढीचा मग. खोली ढगळ ती ढगळच. पण रविवारी घसा खाकरून बघायची वेळ आली नाही.

तालमीचा दिवस उजाडला. गोदामात सगळे जमले. गणवेश खुंट्यांना लटकत होते आणि त्यातला थोरल्याचा नव्याच्या मापाचा करून घेतलेला, हे भोंग्यानं आत शिरताच ओळखलं. मास्तरांनी दुसरं काही न वाजवता सरळ शेवटची चाल लावायला सांगितली. सगळ्यांना ठाऊक होतं कशासाठी. धृपद झालं. पों. पों. त्यानं ओठ मिटले. डोळ्यांसमोर भिंत आणली आणि वरची जाळी आणली.

नव्यानं अंतरा उचलला, बरोबर जागेवर, मोकळा.

आणि मागून आला ढुम.

बँड थांबला. सगळ्यांनी वळून बघितलं. ढोलवाला टिपरू हातात धरून त्याच्याकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "हाताला कुणी सांगितलंच नाही."

आधी क्लॅरिनेटवाला हसला, मग झांजवाला, मग मास्तर पेटाऱ्यावर बसले आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. मेला तो, पण बँड बिघडवून गेला, असं काहीतरी ते टोपीत तोंड घालून म्हणाले. भोंग्या हसला नाही. त्याला ढोलवाल्याचा हात धरावासा वाटला. एवढे दिवस त्याची समजूत होती की तिसरा पों म्हणजे आपल्या एकट्याच्या पोटातलं दुखणं.

ढोलवाल्याकडून आणखी दोनदा चुकलं, मग हाताला समजलं. मास्तर घरी जाताना भोंग्याला म्हणाले, वाजं घेऊन जा, पट्टा जीर्ण झालाय तेवढा बदलून घे. झालं. दारात नव्यानं त्याला गाठलं आणि ट्रम्पेट पुसता पुसता हळूच विचारलं की काका, तिथं पूर्वी काय होतं?

"माझा भाऊ श्वास घ्यायचा," भोंग्या म्हणाला.

संध्याकाळी तो खोलीत आला. वाजं खाटेवर टेकवलं, पट्टा बघितला, चहा घेतला. पलीकडे मशीन गप्प होतं, म्हणजे ती वाट बघत होती, पण विचारणार नव्हती. त्यानंही आपणहून सांगितलं नाही. वाजं अंगावर घेतलं, त्याच्या पितळी तोंडात हात घालून थोरल्याचा स्वेटर ओढून काढला, घडी केली आणि उशाशी ठेवला. मग पोटभर हवा घेऊन धृपद लावलं. जिन्यातून चढणारं कुणीतरी थबकलं. वरच्या मजल्यावर खिडकी आपटली.

पों. पों. पों.

जाळीतून काही आलं नाही. पलीकडे टाचण्यांची वाटी कलंडल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग जमिनीवर काहीतरी चाचपल्याचा. भोंग्यानं वाजं तोंडापासून काढलं नाही. ती अजून चाचपतेच आहे म्हटल्यावर त्यानं चौथा पों दिला.

तेव्हा ती गुणगुणायला लागली.